रोम एट्रुस्कनांनी घडवलं का? पुरावे एकेक करून तपासू

नदीकाठ

'रोम हे मूळचं एट्रुस्कन शहर, लॅटिन लोकांनी ते पुढे ताब्यात घेतलं' हे विधान अजूनही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. एट्रुस्कनांचा वाटा मिरवणुका, झगे आणि शकुन पाहणं एवढाच होता, असं म्हणणारेही भेटतात. दोन्ही विधानं सरसकट आहेत. म्हणून या धाग्यात एकेक गोष्ट हातात घेऊ. ती रोममध्ये कधी दिसू लागते, कुठल्या गावाकडून येते, आणि तिचा पुरावा दगडमातीचा आहे की पाचशे वर्षांनी लिहिलेल्या इतिहासाचा, एवढं पाहिलं तरी बराच गुंता सुटतो.

आधी भूगोल. उत्तरेला आर्नो, दक्षिणेला आणि पूर्वेला टायबर, पश्चिमेला समुद्र, हा पट्टा म्हणजे एट्रुरिया. तार्क्विनिया, केरे (आजचं चेर्वेतेरी), वुल्ची, व्हेयी, क्लुसियम (किउसी), पोपुलोनिया ही त्यातली मोठी नगरं. एट्रुस्कन लोक स्वतःला 'रास्ना' म्हणवत. इ.स.पू. ९०० ते ७२० च्या सुमाराची व्हिलानोव्हा संस्कृती ही त्यांचीच आधीची पायरी. तेव्हाचे अस्थिकलश आणि नंतरची एट्रुस्कन नगरं त्याच टेकड्यांवर, त्याच जागी सापडतात. व्हेयी रोमपासून जेमतेम १६ किलोमीटरवर, म्हणजे अर्ध्या दिवसाची चाल.

रोममध्ये याच काळात काय होतं? टेकड्यांवर झोपड्या. पॅलेटाइन टेकडीवर १९४८ साली खडकात कोरलेले खांबांचे खड्डे सापडले, त्यांवरून सुमारे पाच मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद झोपडी उभी करता येते. खाली आजच्या फोरमच्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकाच्या, जागेत स्मशान होतं. जाकोमो बोनीने १९०२ मध्ये ते खणून काढलं.

शहर म्हणावं असा बदल होतो तो फोरमच्या खोलगट जागेत भराव पडतो तेव्हा. आल्बर्ट अॅमरमनने तिथे ड्रिलने मातीचे नमुने काढले. मूळ जमीन समुद्रसपाटीपासून सहा-सात मीटरवर होती, म्हणजे टायबरचा पूर आत येणारच. ती उचलून नऊ मीटरच्या आसपास आणली गेली. त्यासाठी किमान दहा हजार घनमीटर माती लागली असा हिशेब निघतो. हे काम टोपल्यांनी होतं आणि त्याला कोणीतरी हुकूम देणारा लागतो. टेकडीवरच्या चार वस्त्यांनी सवडीने करण्यातलं हे काम नव्हे.

परंपरेने रोमचे शेवटचे तीन राजे असे (एट्रुस्कन वर्चस्वाचा काळ म्हणतात तो हाच): टार्क्विनियस प्रिस्कस (इ.स.पू. ६१६–५७९), सर्व्हियस टुलियस (५७८–५३५), टार्क्विनियस सुपर्बस (५३४–५०९). या तिघांची नेमकी वर्षं कोणी शपथेवर सांगू नयेत, पण सहाव्या शतकात रोम झपाट्याने मोठं झालं हे जमीनच सांगते.

प्रश्नचिन्ह

चांगला विषय. एक शंका: क्लोआका माक्सिमा हे रोमचं मोठं गटार एट्रुस्कन अभियंत्यांनी बांधलं आणि नदीच्या तोंडाशी दिसणारी ती दगडी कमान त्यांचीच, असं शाळेपासून ऐकलंय. बरोबर ना?

पाटबंधारे

कमान त्यांची नाही. सहाव्या शतकातलं मूळ काम बहुधा उघडा चर होता, दोन्ही बाजूंना स्थानिक दगडाच्या भिंती असलेला. त्यावर आच्छादन आलं ते प्रजासत्ताकाच्या काळात. नदीकडचं जे तोंड फोटोत दिसतं ते त्याहूनही खूप पुढच्या बांधकामाचं आहे. इ.स.पू. ३३ मध्ये अग्रिप्पाने सगळ्या गटारांची मोठी साफसफाई आणि दुरुस्ती केली, हेही लक्षात ठेवा.

वर भरावाचा उल्लेख आला आहे, त्याला जोडून सांगतो. भराव आणि चर ही दोन कामं एकत्रच करावी लागतात. नुसता भराव टाकला तर कॅपिटोलाइन, पॅलेटाइन आणि क्विरिनल या टेकड्यांवरून उतरणारं पाणी त्यावर साचतं, जमीन भिजलेलीच राहते आणि फरसबंदी खचते. नुसता चर काढला तर नदी चढल्यावर तोच चर उलटा वाहतो आणि पूर थेट आत येतो. आधी पातळी उचलायची, मग पाण्याला उतार द्यायचा. हा क्रम ज्याला कळला होता त्याच्या गाठीशी पाण्याच्या कामाचा अनुभव होता.

तो अनुभव कुठे दिसतो? व्हेयीच्या आजूबाजूच्या दऱ्यांत. तिथे 'कुनिकुली' नावाचे भूमिगत चर शेकड्यांनी आहेत. माप साधारण पावणेदोन मीटर उंच आणि अर्धा मीटर रुंद. एक माणूस उभा राहून कुदळ चालवू शकेल एवढंच, कारण त्याहून रुंद काढलं तर छत धरत नाही आणि बाहेर काढायचा मुरूमही वाढतो.

काम असं चालायचं: दरीच्या कडेने साधारण तीस-पस्तीस मीटरवर उभ्या विहिरी खाली उतरवायच्या. प्रत्येक विहिरीच्या तळापासून दोन्ही दिशांना खणत जायचं, म्हणजे एकाच वेळी अनेक टोळ्या कामाला लागतात. हवा, उजेड आणि मुरूम बाहेर काढणं हे सगळं त्याच विहिरींतून. दोन टोळ्या समोरासमोर भेटतात तिथे बऱ्याचदा जोड चुकतो, एक बाजू हातभर डावीकडे किंवा वर येते आणि मग तो सांधा तासून जुळवावा लागतो. असे वाकडे सांधे आजही चरांत दिसतात, त्यावरून कोणत्या दिशेने खोदकाम आलं ते ओळखता येतं.

हे जमतं ते तिथल्या टफ या ज्वालामुखी खडकामुळे. तो कुदळीला मऊ लागतो आणि तरीही उभा कडा धरून ठेवतो. खडक फार ठिसूळ असेल किंवा मध्ये मातीचा थर लागला की छत कोसळतं. आणि विहिरींची तोंडं साफ ठेवली नाहीत तर चर गाळाने भरून वरची दरी पुन्हा दलदल होते.

अडचण एकच, काळ ठरवणं. रिकाम्या बोगद्यात तारीख सापडत नाही. कुठला रस्ता बोगद्याच्या वरून जातो, कुठला चर कुठल्या चराला छेदतो, यावरून आधी कोण आणि नंतर कोण एवढंच ठरतं. आणि असे चर टायबरच्या दक्षिणेला लॅटिन प्रदेशातही आहेत. त्यामुळे 'एट्रुस्कनांनी रोमनांना शिकवलं' यापेक्षा 'टफच्या प्रदेशातल्या सगळ्यांना हे काम येत होतं' हे जास्त सुरक्षित विधान.

खापर

पाण्याचं सामायिक असेल, पण छपराच्या बाबतीत एट्रुरियाचं ऋण स्पष्ट आहे. भाजलेल्या मातीची कौलं मध्य इटलीत सातव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतात. सिएनाजवळच्या मुर्लो इथली इमारत हे त्याचं ठळक उदाहरण. कौल आलं की घराचा आकारच बदलतो. गवती छप्पर हलकं असतं, ते लंबगोल झोपडीवर बसतं. कौलाचं वजन घ्यायला सरळ तुळया लागतात, सरळ तुळयांना काटकोनी भिंती, आणि भिंतींना दगडी पाया. पुरातत्त्वात सहाव्या शतकात एकदम चौकोनी पाये दिसू लागतात त्यामागे हे साधं वजनाचं गणित आहे.

छपराच्या कडेला लावायच्या नक्षीच्या मातीच्या पट्ट्या साच्यातून काढत. इ.स.पू. ५३० च्या सुमाराच्या, रथ आणि घोडेस्वारांच्या मिरवणुकीच्या पट्ट्या रोम, व्हेयी आणि वेल्लेत्री या तीन ठिकाणी एकाच साच्याच्या घराण्यातल्या सापडतात. म्हणजे कारागीर किंवा साचे नदीच्या दोन्ही बाजूंना फिरत होते. इथे एक बारीक गोष्ट उपयोगी पडते. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. मूळ साच्याची पट्टी एका मापाची असते. तयार पट्टीवरूनच कोणी नवा साचा घेतला, तर त्यातून निघणारी पट्टी आणखी लहान होते. त्यामुळे दोन पट्ट्यांवरचा एकच घोडा मोजला की कोणती आधीची आणि कोणती नकलेची ते कळतं.

मोठ्या मूर्तींचं काम याहून अवघड. व्हेयीच्या पोर्तोनाच्चो देवळाच्या आढ्यावर उभा असलेला अपोलो (१९१६ साली सापडला, आता रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात) जवळजवळ माणसाएवढा उंच आहे. एवढी मूर्ती भरीव केली तर भट्टीत फुटते, आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला वाट नसते. म्हणून ती पोकळ, आतून भोकं ठेवलेली, आणि मातीत ज्वालामुखी खनिजांचे काळे कण मिसळलेले, म्हणजे आक्रसणं कमी आणि सगळीकडे सारखं. दोन पायांच्या मध्ये जो नक्षीदार टेकू दिसतो तो शोभेपेक्षा भार घेण्यासाठी आहे. नुसत्या घोट्यांवर एवढी माती उभी राहत नाही.

रोमन लेखक प्लिनी सांगतो की कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटरची मूर्ती करायला व्हेयीहून वुल्का नावाचा कारागीर बोलावला होता. एट्रुस्कन कलाकाराचं नाव म्हणून जुन्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आलेलं हे जवळपास एकमेव. त्याच काळात व्हेयीत या दर्जाचं मातीकाम होत होतं हे अपोलोवरून दिसतं, त्यामुळे प्लिनीच्या या वाक्यावर विश्वास ठेवायला मी तयार आहे.

प्रश्नचिन्ह

देवळाचा आराखडाही तिकडचाच का? 'टस्कन' देऊळ म्हणतात ते नेमकं कसं?

खापर

रोमन वास्तुकार व्हित्रुव्हियसने मापं दिली आहेत. रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण ५:६. लांबीचे दोन सारखे भाग, पुढचा खांबांचा मंडप, मागचे गाभारे. रुंदीचे दहा भाग करायचे, मधल्या गाभाऱ्याला चार, दोन्ही बाजूंना तीन-तीन. खांबाची उंची देवळाच्या रुंदीच्या एक तृतीयांश, तळाची जाडी उंचीच्या एक सप्तमांश, आणि वर ती एक चतुर्थांशाने कमी.

आकडे घालून पाहा. रुंदी ५० रोमन फूट (एक फूट म्हणजे सुमारे २९.६ सें.मी.) घेतली तर लांबी ६०, मंडप ३०, गाभारे १५-२०-१५, खांब सुमारे १६.७ फूट उंच, तळाला २.४ फूट, वर १.८ फूट. बुटकं, पसरट, पुढे झेपावणाऱ्या वळचणीचं देऊळ तयार होतं. वळचण मोठी, कारण भिंती कच्च्या विटांच्या, पावसापासून त्या वाचवायलाच हव्यात. ग्रीक देवळाला चारही बाजूंनी पायऱ्या. याला उंच जोतं आणि फक्त समोरून जिना. रोमनांनी पुढे संगमरवर वापरला तरी हे जोतं आणि समोरचा जिना शेवटपर्यंत सोडला नाही.

कॅपिटोलवरचं ज्युपिटरचं देऊळ मात्र या मापात सरळ बसत नाही. जोतं साधारण ५४ बाय ६२ मीटर. देऊळ पूर्ण जोतंभर पसरलेलं धरलं तर मधल्या दोन खांबांतला गाळा दहा मीटरच्या पुढे जातो, आणि वर मातीची जड कौलं. लाकडी तुळईला हा भार झेपला असता का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. काहींच्या मते जोतं मोठं आणि वरचं देऊळ त्याहून लहान होतं. मला हे दुसरं मत पटतं.

लिपीकार

लिपीचा मुद्दा कोणीच घेतला नाही, आणि मला तर तोच सर्वांत भक्कम वाटतो.

लॅटिन वर्णमाला ग्रीकांकडून आली हे खरं, पण वाटेत ती एट्रुस्कन हातांतून गेली. खूण अशी: ग्रीक वर्णमालेत तिसरं अक्षर गॅमा, उच्चार 'ग'. एट्रुस्कन भाषेत ग, ब, द हे घोष ध्वनी नाहीतच. त्यामुळे त्यांनी तिसऱ्या अक्षराला 'क' म्हणून वापरलं. लॅटिनमध्ये क आणि ग दोन्ही आहेत, तरीही लॅटिन माणसाने तिसरं अक्षर 'क' म्हणूनच उचललं आणि दोन्ही ध्वनी त्याच एका अक्षराने लिहिले. थेट ग्रीकांकडून शिकला असता तर असं करायचं कारणच नव्हतं. म्हणूनच 'गायस' या नावाचं संक्षिप्त रूप शेवटपर्यंत सी या अक्षराने लिहिलं गेलं. सी ला आडवी काडी जोडून जी हे वेगळं अक्षर तयार झालं ते इ.स.पू. तिसऱ्या शतकात.

दुसरी खूण: दक्षिण एट्रुरियात 'क' साठी तीन अक्षरं वापरायचा नियम होता. अ च्या आधी के, ए किंवा इ च्या आधी सी, उ च्या आधी क्यू. सर्वांत जुन्या लॅटिन लेखांत हाच नियम दिसतो. आजही क्यू च्या मागोमाग यू येतो तो तिथूनच.

तिसरी गोष्ट उलट दिशेची आहे, तीही सांगायला हवी. एट्रुस्कन लिखाणात 'ओ' नाही, 'ब' आणि 'द' नाहीत. मग लॅटिनने ती अक्षरं आणली कुठून? मार्सिलियाना द'आल्बेन्या इथे सापडलेली हस्तिदंताची लहान पाटी पाहा, सातव्या शतकातली. तिच्या कडेवर २६ अक्षरांची पूर्ण ग्रीक माळ कोरली आहे, वापरात नसलेल्या अक्षरांसकट. म्हणजे शिकवताना संपूर्ण माळ पाठ करून घेत आणि लिहिताना हवी तेवढीच वापरत. लॅटिन विद्यार्थ्याला न वापरलेली अक्षरंही त्याच पाटीवर मिळाली असणार. शिवाय रोमजवळच्या गाबीच्या परिसरात, ओस्तेरिया देल्ल'ओसा इथल्या थडग्यात, आठव्या शतकातल्या मडक्यावर ग्रीक अक्षरं ओरखडलेली आहेत. लॅटिन लोकांचा ग्रीक अक्षरांशी थेट संबंधही होता.

रोममधला सर्वांत जुना मोठा लॅटिन लेख फोरममध्ये लापिस नायजर या काळ्या दगडी फरसबंदीखाली आहे, १८९९ मध्ये सापडला. एक ओळ वर, दुसरी खाली, बैलाने शेत नांगरावं तशा उलटसुलट ओळी. त्यात 'राजाला' या अर्थाचा शब्द वाचता येतो. सहाव्या शतकात राजे एट्रुस्कन असोत नसोत, सार्वजनिक जागी कोरलेली भाषा लॅटिन आहे. 'एट्रुस्कन सत्ता' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

जुनी_पाने

लिपीकार, उत्तर देतो. भाषा लॅटिन राहिली म्हणून सत्ता लॅटिनच होती असं ठरत नाही. वुल्चीचं फ्रांस्वा थडगं घ्या. १८५७ मध्ये अलेस्सांद्रो फ्रांस्वाने उघडलं, चित्रं इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातली. एका भिंतीवर ट्रॉयचे कैदी मारले जात आहेत, समोर एट्रुस्कन योद्ध्यांच्या जोड्या, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव लिहिलेलं. एका टोकाला माक्स्त्रना तलवारीने काइले विपिनासच्या हातांच्या दोऱ्या कापतो आहे. दुसऱ्या टोकाला क्नेव्हे तार्खुनिएस रुमाख, म्हणजे रोमचा ग्नायस टार्क्विनियस, मारला जातो आहे.

आता याला लियॉनमधला काशाचा पत्रा जोडा. इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने सिनेटपुढे भाषण केलं, त्याची कोरीव प्रत १५२८ मध्ये सापडली. त्यात तो म्हणतो की आपले लोक सर्व्हियस टुलियसला कैदी स्त्रीचा मुलगा मानतात, पण एट्रुस्कनांच्या मते तो काइलियस व्हिवेन्नाचा साथीदार होता, त्याचं नाव मास्तार्ना, आणि एट्रुरियातून हाकलला गेल्यावर त्याने रोमची काइलियन टेकडी व्यापली. क्लॉडियसने एट्रुस्कनांचा वीस खंडांचा इतिहास लिहिला होता, दुर्दैवाने तो हरवला.

चित्रं आणि भाषण यांच्यात साडेतीनशेहून जास्त वर्षांचं अंतर, तरी कथा जुळते. आणि हे फक्त दंतकथेतले वीर नसावेत, कारण व्हेयीच्या त्याच पोर्तोनाच्चो देवळात सहाव्या शतकाच्या मध्याच्या काळ्या बुकेरो भांड्यावर 'आविले विपिएन्नास' याने अर्पण केल्याचा लेख आहे (कुळनाव तेच; परंपरेत आविले हा काइलेचा भाऊ). त्या पिढीत त्या नावाचा एक मोठा माणूस खरोखर होता.

माझं मत: सहाव्या शतकातले रोमचे 'राजे' हे फौजा घेऊन फिरणारे सरदार होते. रोम हे त्यांच्यातल्या भांडणातलं बक्षीस होतं.

मधला_रस्ता

'एट्रुस्कन सरदार' हा शब्द मात्र जपून वापरावा लागेल. रोमन इतिहासकार लिव्हीच्या कथेतही टार्क्विनियस प्रिस्कसचा बाप डेमारॅटस हा कॉरिंथचा ग्रीक. तो तार्क्विनियात स्थायिक झाला, तिथे परका म्हणून मुलाची वाट अडली, म्हणून मुलगा बायको तानाक्विलसह रोमला आला. कथा खरी असेल नसेल, पण अशी माणसं होती याचे लेखच आहेत. तार्क्विनियात सातव्या शतकात 'रुतिले हिपुक्रातेस' नावाचा माणूस आहे, पहिलं नाव लॅटिन, आडनाव ग्रीक हिपोक्रेटिसवरून, आणि लेख एट्रुस्कन. व्हेयीत 'तिते लातिने' म्हणजे आडनावानेच लॅटिन. रोमच्या सान्त'ओमोबोनो देवळाच्या आवारात सहाव्या शतकातली हस्तिदंताची लहान सिंहाकृती पट्टी सापडली, तिच्या पाठीवर एट्रुस्कन नाव 'अराझ सिल्केतेनास स्पुरियानास'. अशा पट्ट्या पाहुणचाराची ओळख म्हणून असत, अर्धी एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. वरच्या थरातली माणसं गावं बदलत होती, जाताना मान आणि आडनाव सोबत नेत होती.

नाव आणि त्यापुढे कुळनाव ही पद्धतही सातव्या शतकात नदीच्या दोन्ही बाजूंना एकदमच सुरू होते. कोणी कोणाकडून घेतली हे ठरवणं अवघड आहे.

जनुकांचंही तेच. हिरोडोटसने एट्रुस्कन लिडियाहून, आजच्या तुर्कस्तानातून, दुष्काळामुळे आले असं लिहिलं. हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसने ते इथलेच असं म्हटलं. २०२१ मध्ये मध्य आणि दक्षिण इटलीतल्या ८२ जणांच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, इ.स.पू. ८०० ते इ.स. १००० या काळातल्या. एट्रुस्कन आणि शेजारचे लॅटिन जवळपास सारखेच निघाले, आणि नजीकच्या काळात आशिया मायनरमधून आल्याची खूण नाही. डायोनिसियस बरोबर ठरला. पूर्व भूमध्य भागातलं मोठं मिश्रण दिसतं ते पुढे, साम्राज्याच्या काळात.

विचार करायला लावणारी गोष्ट अशी की शेजाऱ्यांसारखेच जनुक असून यांची भाषा इंडो-युरोपीय नाही. तिची नातलग दोनच ठळक, आल्प्समधली रेटिक आणि ग्रीसच्या लेम्नोस बेटावरची.

प्रश्नचिन्ह

ही भाषा अजून 'वाचता येत नाही' ना?

लिपीकार

वाचता येते, अक्षर न अक्षर. समजते ती अर्धवट, कारण सुमारे तेरा हजार लेखांपैकी बहुतेक थडग्यावरचे किंवा अर्पणाचे, चार-पाच शब्दांचे. सर्वांत लांब मजकूर झाग्रेबच्या ममीला गुंडाळलेल्या तागाच्या पट्ट्यांवर, सुमारे १२०० शब्द. पिर्गीचे तीन सोन्याचे पत्रे (१९६४) म्हणूनच मोलाचे. दोन एट्रुस्कन, एक फिनिशियन, केरेचा राजा थेफारिए वेलियानास याचं दान, इ.स.पू. ५०० च्या सुमाराचे.

थडग्यावरचा लेख कसा लावायचा ते पाहा: 'लार्थ अर्न्थल प्लेकुस क्लान, रामथस्क अपत्रुअल'. आधी 'क्लान' शोधायचा, म्हणजे मुलगा. मग शेवटी -स किंवा -अल लागलेली नावं षष्ठीतली: अर्न्थ प्लेकूचा. पुढच्या नावाच्या टोकाचा -क म्हणजे 'आणि': आणि रामथा अपत्रुईचा. आईचं नाव आणि कुळ दोन्ही लिहिलं आहे, हे रोमन लेखांत सहसा मिळत नाही. पुढे 'अविल्स' म्हणजे वर्षांचा, आणि 'लुपु' म्हणजे वारला. नवशिके हमखास फसतात ते दिशेत. ओळ उजवीकडून डावीकडे जाते, अक्षरांची तोंडंही डावीकडे वळलेली असतात.

याच लेखात वय 'थुनेम मुवाल्ख्ल्स' असं दिलंय: पन्नासला एक कमी, म्हणजे एकोणपन्नास. मराठी वाचकाला हे सहज लागेल. लॅटिनमध्येही १९ आणि १८ असेच, विसाला एक कमी आणि दोन कमी. लॅटिनने ही पद्धत एट्रुस्कनमधून घेतली असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. 'एक उणे' संस्कृतातही स्वतंत्रपणे आहे, पण 'दोन उणे' मोजणं हे लॅटिन-एट्रुस्कन साम्य जास्त बोलकं आहे.

पाटबंधारे

सत्तेच्या चर्चेत लोखंड राहून गेलं. रोमच्या आसपास धातूची खनिजं नाहीत. लोखंड एल्बा बेटावरचं, गाळलं जायचं समोर पोपुलोनियात. भट्टी कोळशावर साधारण ११००–१२०० अंशांपर्यंत जायची. तेवढ्यात लोखंड वितळत नाही, स्पंजसारखा गोळा तयार होतो आणि मळी वाहून खाली येते. तो गोळा तापवून ठोकत राहायचं, आतली मळी पिळून निघेपर्यंत. मळी पातळ राहायला तिच्यात लोखंडाचा बराच अंश जाऊ द्यावा लागतो, नाहीतर ती घट्ट होऊन भट्टी तुंबते. म्हणून पोपुलोनियाच्या किनाऱ्यावरच्या मळीच्या ढिगांत इतकं लोखंड उरलं होतं की विसाव्या शतकात ते उपसून पुन्हा गाळलं. त्याखाली सातव्या-सहाव्या शतकातली थडगी निघाली.

आता प्लिनीचं वाक्य वाचा: राजे हाकलल्यावर क्लुसियमचा एट्रुस्कन राजा पोर्सेन्ना याने रोमशी जो तह केला त्यात शेतीखेरीज लोखंड वापरायला बंदी होती. रोमन इतिहासकार टॅसिटसही शहर पोर्सेन्नाला शरण गेलं होतं असं म्हणतो. लिव्हीच्या शूरकथांपेक्षा ही दोन वाक्यं मला खरी वाटतात. स्वतःच्या अपमानाची नोंद कोणी उगाच रचत नाही.

जुनी_पाने

सहमत. क्लुसियमचा राजा रोम जिंकतो आणि त्यानंतर रोममध्ये राजे परत येत नाहीत. टार्क्विनांना हाकललं ते कदाचित त्यानेच.

राजचिन्हांबद्दल थोडक्यात: वेतांची जुडी आणि कुऱ्हाड ही व्हेतुलोनिया या एट्रुस्कन नगराची, असं रोमन कवी सिलियस इटालिकस म्हणतो, आणि तिथल्याच सातव्या शतकातल्या थडग्यात १८९८ मध्ये लोखंडी दांड्यांची जुडी दुधारी कुऱ्हाडीसकट मिळाली. नगराची सीमा नांगराने आखायचा विधी रोमन विद्वान वार्रो 'एट्रुस्कन रीतीचा' म्हणतो: जू एकच, बैल बाहेरच्या बाजूला, गाय आतल्या, ढेकळं आत पडायला हवीत, आणि वेशीच्या जागी नांगर उचलून घ्यायचा.

प्रश्नचिन्ह

पुढच्या महिन्यात रोमला जाणारे काहीजण विचारत आहेत. टर्मिनी स्टेशनबाहेरची भिंत 'सर्व्हियन' म्हणतात, ती सर्व्हियस टुलियसची मानायची का?

नदीकाठ

नाही. तिथे दगडाची जात आणि थराची उंची पाहा. सहाव्या शतकातलं बांधकाम कापेल्लाच्चो या रोममधल्याच टफचं, राखाडी, पापुद्रे सुटणारं, ठोकळे सुमारे एक रोमन फूट उंच. कॅपिटोलाइन संग्रहालयात ज्युपिटरच्या देवळाचं जोतं उघडं ठेवलं आहे, आधी ते जवळून पाहून घ्या म्हणजे डोळ्यांना सवय होईल. टर्मिनीबाहेरचे ठोकळे पिवळसर, टणक आणि दोन फूट उंचीचे, म्हणजे जवळजवळ ६० सें.मी. हा ग्रोत्ता ओस्कुरा टफ. त्याच्या खाणी व्हेयीच्या हद्दीत होत्या. इ.स.पू. ३९६ मध्ये रोमने व्हेयी जिंकलं, त्यानंतरच हा दगड एवढ्या प्रमाणात मिळू लागला. लिव्ही या भिंतीचं काम इ.स.पू. ३७८ मध्ये सुरू झालं असं सांगतो, आणि दगडही तेच सांगतो. सुमारे ११ किलोमीटरच्या या तटात काही ठिकाणी कापेल्लाच्चोचे जुने, एक फुटी थरही दिसतात. सहाव्या शतकात पूर्ण तट होता की टेकड्यांवर तुटक भिंती, हा वाद त्याच थरांवरून चालू आहे.